सगळ्यांचा श्वास वीस

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या बायांच्या वॉर्डात अकरा वर्षं सगळ्या बायांनी मिनिटाला बरोब्बर वीस श्वास घेतले. पोट दुखणारीनं वीस, तापानं फणफणणारीनं वीस, विंचू चावून बोंबलणारीनंही वीसच. ऐंशीच्या म्हातारीचे वीस अन् सोळाच्या पोरीचेही वीस. इतका शिस्तीचा श्वास जगात दुसरीकडं कुठं चालत असेल तर दाखवा बाप्पा.

हे वीस लिहायची दीपा सिस्टर.

आता लगेच नाक मुरडू नका. खाटा बत्तीस, खाली सतरंजीवर सात-आठ जणी, अन् सिस्टर एक. कागदावर चार रकाने: ताप, नाडी, बीपी, श्वास. ताप थर्मामीटर सांगतं, बीपी यंत्र सांगतं, नाडी बोटाला लागते. श्वासासाठी मात्र मनगट धरून, घड्याळात बघत, बाईच्या छातीसमोर एक अख्खं मिनिट उभं राहावं लागतं. ते मिनिट आणायचं कुठून? दीपा नवीन असताना मोठ्या सिस्टरनं तिला सांगितलं होतं, "श्वास वीस लिहित जाय. कोणी विचारत नाही." मोठीला तिच्या मोठीनं सांगितलं असणार. अन् खरंच, अकरा वर्षांत कोणी विचारलं नाही.

नाही म्हणायला एकदा विचारायची वेळ आली होती. ते दिवाळीनंतरचं.

ते बोंडअळीचं वर्ष. दिवाळीआधी कपाशीवर फवारणी करता करता विष चढून माणसं पडली, तेव्हा पुरुषांचा वॉर्ड ओसंडून वाहिला अन् दीपाला दीड महिना तिकडं जुंपलं होतं. डोळे चोळणारे, फेस गाळणारे, खाटेला बांधून ठेवलेले गडी. दीपा परत बायांच्या वॉर्डात आली ती कानात त्यांचं ओरडणं घेऊनच. त्याच आठवड्यात तीन नंबरच्या खाटेवर इंदूबाई आली. कापूस वेचणारी, चाळिशीची, अंगानं काडी. खोकला अन् दम. चार दिवस राहिली. चारही दिवस दीपानं तिचा हात धरून नाडी मोजली अन् श्वासाच्या रकान्यात वीस लिहिले. पाचव्या दिवशी डॉक्टर अंकुरनं कागदावरून नजर फिरवली, म्हणाला, "श्वास ठीक आहे. सुट्टी द्या." सुट्टीनंतर तिसऱ्या दिवशी इंदूबाई ऑटोतून परत आली तेव्हा दारातच संपली होती.

तिचा नवरा पंजाबराव पोर्चमध्ये उभा होता. टोपी हातात. दीपा बाहेर आली तसे त्यानं हात जोडले. "शिष्टरबाई, तुम्ही लय केलं तिचं. घरी म्हणे, त्या बाई रोज हात धरत."

झालं. एवढंच म्हणाला. कोणी कागद मागितला नाही, कोणी चौकशी केली नाही. ड्युटी संपल्यावर दीपा घरी गेली, भाकरी थापल्या, नवऱ्याला, धम्मरत्नला वाढलं, स्वतः जेवली. रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. धम्मरत्ननं विचारलं, "काय झालं वं?" ती म्हणाली, "काही नाही." अन् खरंच काही नव्हतं. दात काढायचं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला असून आपला राहत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. भाजीत मीठ आहे की नाही कळेना. लेक शाळेत पहिली आली तरी "बरं झालं" म्हणाली अन् पेपर चाळत बसली.

पण तिची चूक इथंच थांबली असं समजू नका. दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात गेली अन् बत्तीस बायांचे वीस-वीस लिहिले. फक्त तीन नंबरच्या खाटेजवळ थांबेना. तिथं कोणी का असेना, लांबूनच विचारायची, लिहायची, पुढं सरकायची.

माघ लागला. पुसदच्या बाजूची एक पोट्टी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची, शिकायला म्हणून वॉर्डात आली. नाव मोनाली. पांढरा ॲप्रन, वेणीला काळी रिबन, अन् काखेत वीतभर जाडीची फाइल. तिला एक रुग्ण निवडून त्याचा पूर्ण अभ्यास लिहायचा होता, अन् विषय मिळाला होता श्वासाचे आजार. फाइलीत आखलेले रकाने: नर्सिंग निदान, कशामुळे, काय दिसतं, काय करायचं.

दीपानं ती फाइल चाळली अन् तिला तिचीच फाइल आठवली. तिच्या शिक्षिका म्हणायच्या, रोगाला नाव डॉक्टर ठेवतो. त्या रोगानं माणसाचं काय करून ठेवलं, ते नर्सनं सांगायचं. डॉक्टर लिहील दमा. नर्सनं लिहायचं की बाईला उताणं झोपता येत नाही, चार पावलांवर बसावं लागतं, अर्ध्या वाक्यात दम तुटतो, अन् तिला भीती वाटते. दीपाला तेव्हा या गोष्टीचा केवढा अभिमान होता! आता तिनं फाइल मिटली अन् म्हणाली, "दोन नंबरची घे. धनीबाई. दमा आहे, बोलकी आहे, तुह्या कामाची आहे."

धनीबाई म्हणजे बंजारा तांड्यावरची, पंचावन्नची, कपाळावर अन् हनुवटीवर गोंदण. जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जायची. त्या वर्षी अळीनं बोंडं पोखरलेली, कापूस पिवळा पडलेला, चिकट, नासका. त्याला कवडी म्हणतात. ती कवडी हातानं वेगळी काढायची, अन् काढताना धूळ नाकातोंडात. संध्याकाळी घरी जाताना डोक्यावर एवढी रुई असायची की तिला याडी म्हणणारी नात म्हणे, याडी आज अजून म्हातारी झाली. या मोसमात धनीबाई चौथ्यांदा दवाखान्यात आली होती. याआधी तीनदा आली, तीनदा वीसवर घरी गेली.

मोनालीनं गुरुवारी दुपारभर तिच्याजवळ बैठक मारली. पाठीमागं दोन उश्या लावून तिला पुढं वाकून बसवलं. ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायला शिकवलं. "चूल फुकतो ना मावशी, तसं. पण हळू."

"चूल फुकू फुकूच तं हे झालं," धनीबाई म्हणाली, "अन् तू... आणखी... फुकाले लाव." अन् हसताना खोकल्याची उबळ आली.

शुक्रवारी सकाळी आठला दीपानं कागद भरले. दोन नंबर: ताप नाही, नाडी एकशे बारा, बीपी ठीक, श्वास वीस. साडेआठला मोनाली फाइल घेऊन टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

"सिस्टर, एक विचारू?"

"विचार ना."

"धनीमावशीचे मी अडतीस मोजले. तुमच्या कागदावर वीस आहेत. फाइलीत कोणते घेऊ?"

पोरीच्या बोलण्यात खोच नव्हती. खोच असती तर दीपानं तिला झाडून काढलं असतं. पोरगी साधी, खरंच विचारत होती.

"तू तिच्या छातीकडं टकमक पाहिलं असशीन," दीपा म्हणाली. "बाईले समजलं की कोणी श्वास मोजून राह्यलं, तं ती भरभर घेते. नाडी मोजल्यासारखं करायचं, मनगट सोडायचं नाही, अन् गुपचूप श्वास मोजायचा. शिकवलं नाही का तुले?"

"तसंच मोजले सिस्टर. दोनदा." मग जरा थांबून म्हणाली, "अन् आणखी एक. मावशीचे जुने पेपर पाहिले. चारही वेळा गुरुवारीच भरती झाल्या. बुधवारी बाजार, जिन बंद राहते, छाती मोकळी होते. गुरुवारी परत धुळीत गेल्या की जीव जाते. म्हून 'कशामुळे'च्या रकान्यात मी जिनातली धूळ लिहिली. चालते ना?"

ते चारही भरतीचे कागद दीपाच्याच हातचे होते. चार गुरुवार तिनं स्वतः लिहिले होते अन् एकही तिच्या डोक्यात शिरला नव्हता.

ती उठली. काहून उठली हे तिलाही सांगता आलं नसतं. दोन नंबरजवळ जाऊन तिनं धनीबाईचं मनगट धरलं, छातीवरचं घड्याळ उलटं करून पाहिलं, अन् अकरा वर्षांनी पहिल्यांदा अख्खं मिनिट उभी राहिली. मिनिट केवढं लांब असतं हो! गळ्याखालची खळगी दर श्वासाला आत ओढली जात होती. खांदे वर चढत होते. नाकपुड्या फाकत होत्या. एवढं सगळं चाललं होतं त्या बाईच्या अंगात, अन् ही रोज त्याच्यासमोर उभी राहून खिडकीबाहेरचा निंब पाहत होती. चाळीस. अडतीस नाही, चाळीस.

"किती?" धनीबाईनं विचारलं.

"चाळीस."

"मंग... वीस लिही."

दीपाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. धनीबाईनं उशीवरून मान उचलली, दोन दमात, तीन दमात बोलली, पण सगळं बोलली. रविवारी देवकीचं लग्न. देवकी तिची नात, लखीरामची पोरगी. चार महिन्यांची असताना तिची माय मेली, तेव्हापासून धनीबाईच्या छातीशी वाढली, धनीबाईलाच याडी म्हणते. याडी म्हणजे माय. वरात ढाणकीच्या बाजूची. लग्न लागल्यावर नवरी निघताना तांड्यातल्या एकेका बाईच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. अन् जिच्या गळ्यात पडली तिनं गाण्यानंच जवाब द्यायचा. मायचा जवाब सगळ्यात शेवटी. तो कोणी दुसऱ्यानं द्यायचा नसतो.

"अठी सगळ्यायले मालूम हाय," धनीबाई म्हणाली. "वीस झाले का सुट्टी. लिही न् मले जाऊ दे."

"मावशी, चाळीस आहेत. मी आत्ता मोजले."

"आज मोजले." म्हातारीनं तिच्याकडं असं पाहिलं की दीपाच्या हातातून मनगट सुटलं. "तीन डाव वीस लिहिले तू. तवा मोजले होते का? हात धरे... अन् खिडकीतून बाहिर पाहे. मले का समजत नाई? तवा न मागता दिले. आता मागून राह्यली... तं देत नाई?"

म्हणजे म्हातारीला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असेल. इंदूबाईला? नसावं. इंदूबाई घरी नवऱ्याला सांगत होती, त्या बाई रोज हात धरतात.

दीपा टेबलाशी आली. समोर कागद. सकाळचे वीस तिच्याच अक्षरात, निळ्या शाईत. खोडायला एक रेघ पुरे होती, अन् नाही खोडलं तरी चालणार होतं. ना डॉक्टर विचारणार, ना मोनालीत बोलायची हिंमत. बाई स्वतः मागते आहे. रविवारी लग्न होईल, जवाब देईल, पुढचं पुढं. आता कुणी म्हणेल यात एवढा काय विचार? बत्तीस बायांना रोज खैरात वाटणारीला एक वीस जड झाला? जड झाला. न मोजता वीस लिहिणं म्हणजे आळस होता, सवय होती, काय म्हणायचं ते म्हणा. मोजून वीस लिहिणं म्हणजे त्या बाईला हातानं धरून ऑटोत बसवणं होतं. दीपाला यातलं काही वाटलं नाही, नुसतं दिसलं. पोर्च दिसला, टोपी हातात धरलेला पंजाबराव दिसला. तिनं वीसवर आडवी रेघ मारली, शेजारी चाळीस लिहिलं अन् सही केली. छातीत काही हललं नाही.

दहाला डॉक्टर अंकुरचा राउंड. पोरगा चांगला होता, बाहेरचा, वर्षभरासाठी आलेला, झोपेनं डोळे तांबारलेले. दोन नंबरचा कागद पाहून थबकला.

"काल भरती झाली तेव्हा वीस, संध्याकाळीही वीस, आज एकदम चाळीस? अचानक काय झालं सिस्टर?"

"अचानक काही नाही झालं सर," दीपा म्हणाली. "आधीचे मोजलेच नव्हते."

मोनालीनं मान खाली घातली. डॉक्टरला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"यांचे मोजले नव्हते?"

"कोणाचेच नव्हते."

मागच्या खाटेवरची बाई खोकली. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "दिवाळीनंतर ती तीन नंबरला होती. तिचे?"

"तिचेही."

डॉक्टरनं तोंडावरून हात फिरवला. त्या कागदावर सुट्टीची सही त्याची होती, अन् त्यानंही बाईकडं न बघता आकड्याकडं बघून सही केली होती. तो रागावला असता, मेमो देतो म्हणाला असता, तर दीपाला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "ऑक्सिजन लावा. वाफ दर चार तासांनी. सुट्टी नाही. यवतमाळला जायला तयार असतील तर गाडी बोलवा." अन् स्वतः खाली वाकून धनीबाईच्या छातीला स्टेथोस्कोप लावून उभा राहिला, चांगला दोन मिनिटं.

यवतमाळला जायला धनीबाईनं साफ नकार दिला. घरीही जाऊ देत नाहीत म्हटल्यावर तिनं मास्क ओढून काढला.

"मावशी, असं करू नको. घरी गेली तं मरशीन," दीपा म्हणाली.

"तं तांड्यात मरन. पोट्टीच्या गळ्यात पडून मरन. तुह्या बापाचं काय जाते?"

दीपानं मास्क परत लावला. धनीबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं, अन् दोन्ही हात पदराखाली घेतले. त्यानंतर तिनं दीपाला मनगट धरू दिलं नाही. मोनालीला द्यायची, डॉक्टरला द्यायची, दीपा आली की हात पदराखाली. मग दीपा पायथ्याशी उभी राहून, लांबून, पदराची हालचाल बघून मोजायची. शुक्रवारी संध्याकाळी अडतीस. शनिवारी सकाळी चौतीस, दुपारी छत्तीस. बाकीच्या बायांचेही ती आता मोजत होती. वॉर्ड भलताच लांब झाला होता. नाश्ता उशिरा, कपडे बदलणं उशिरा, आया चिडलेल्या. वीस कोणाचेच निघत नव्हते. अठरा, सव्वीस, बावीस, सोळा. अन् तीन नंबरवर तापाची एक पोरगी होती. तिचे तेवढे दीपानं मोनालीला मोजायला सांगितले.

शनिवारी मोनालीनं फाइल दाखवली. पाच निदानं ओळीनं लिहिली होती. श्वास अपुरा पडतो. कफ सुटत नाही. चार पावलं चालवत नाही. झोप नाही. अन् पाचवं, 'नातीच्या लग्नात जवाब देता येणार नाही म्हणून जिवाची तगमग.' त्याच्यापुढं 'कशामुळे'चा रकाना कोरा होता.

"हे कशामुळे लिहू सिस्टर?"

"माह्यामुळे लिही," दीपा म्हणाली.

"असं कसं लिहू?"

"मग राहू दे कोरा."

रविवारी दीपाची सुट्टी होती. तरी ती आली. घरी बसून करायचं काय? दुपारी साडेबाराचा मुहूर्त होता. धनीबाई उशीला टेकून, मास्क लावून, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. बारा वाजले, साडेबारा वाजले, एक वाजला. दीडला तिनं डोळे मिटले. रडली नाही, शिवी दिली नाही. खाणं आणलं ते तसंच राहिलं. दीपा पायथ्याशी उभी होती. तिला वाटलं, आपण दोघी आता सारख्याच झालो.

सोमवारी दुपारी लखीराम आला. डोळे सुजलेले, कपाळावर कुंकू, हातात पळसाच्या पानात बांधलेली बुंदी. मायजवळ स्टुलावर बसला. वरात कशी आली, किती माणूस जेवलं, जावई कसा गरीब स्वभावाचा आहे, सगळं सांगितलं. धनीबाईनं तोंड भिंतीकडंच ठेवलं.

मग त्यानं खिशातून मोबाइल काढला. "याडी, पोट्टीनं म्हटलं, हे ऐकव."

त्यानं बटण दाबलं अन् आवाज मोठा केला. आधी नुसता गलका, भांडी, कुत्रं, गाडीचा हॉर्न. मग देवकीचा आवाज उठला. रडून बसलेला, चिरका, पण सुरात. दीपाला त्यांची बोली येत नव्हती, तरी कळत होतं. एका बाईचं नातं घेऊन पोरगी गायची, ती बाई रडत जवाब द्यायची, मग पुढची. वॉर्डातल्या बाया उठून बसल्या. आया झाडू धरून दारात थांबली.

सगळ्यात शेवटी देवकीनं हाक दिली, "याडीऽ..." अन् एक लांब ओळ गाऊन ती थांबली.

मोबाइलमध्ये कोणी बोललं नाही. गलकाही बंद. अख्खा तांडा गप उभा होता. मधे कोणी सुरुवात केली नाही, कोणी म्हणालं नाही की चल, उशीर होतो. पोरीनं तेवढी जागा रिकामी सोडली होती, अन् सगळ्यांनी ती रिकामी ठेवली होती.

धनीबाईनं मास्क गळ्यावर ओढला. दीपा पुढं झाली, पण लावायला हात उचलला नाही. म्हातारीनं ओठांचा चंबू केला, मोनालीनं शिकवला तसा हळू श्वास सोडला, एक घेतला, अन् गायली. दोन शब्द. दम तुटला. पुन्हा घेतला, पुन्हा दोन शब्द. आवाज कसला, फाटक्या फडक्यासारखा. पण गाणंच होतं ते. तिसऱ्या वेळी तिचा हात पदराखालून बाहेर आला अन् हवेत काहीतरी धरायला लागला. लखीराम तोंड झाकून हुंदके देत होता. मग तो हात दीपाकडं आला. माफीबिफी काही नव्हती त्यात. गळ्यात पडायला पोरगी नव्हती, तर जे जवळ होतं ते धरलं.

दीपानं मनगट धरलं. सवयीनं घड्याळ उलटं केलं. एक, दोन, पाच, नऊ. मोबाइलमध्ये देवकीनं मोठ्यानं हंबरडा फोडला, गाडीचं दार लागलं. चौदा, पंधरा. पुढचा आकडा येईना. घड्याळाचा काटा दिसेना. ओठावर खारट लागलं तेव्हा दीपाला कळलं की आपण रडतो आहोत, अन् केव्हाचे रडतो आहोत. इंदूबाईसाठी रडली, त्या पुरुषांच्या वॉर्डातल्या गड्यांसाठी रडली, या म्हातारीचं लग्नघर आपण हिरावलं म्हणून रडली. दुखलं. चांगलं कडक दुखलं. सगळ्या बायांदेखत सिस्टर नाक फेंदारून रडली अन् कोणी तिला गप केलं नाही.

गाडी दूर गेल्याचा आवाज झाला अन् मोबाइल थांबला. दीपानं मास्क परत चढवला, उशी सारखी केली. धनीबाईनं हात सोडवून घेतला अन् पदराखाली नेला. डोळे मिटूनच म्हणाली, "बुंदी दे... त्या पोट्टीले. फाइलवालीले." दीपाचं नाव घेतलं नाही.

मोनाली कागद घेऊन शेजारी उभी होती, तिचंही नाक लाल. "सिस्टर, दोनचे श्वास किती लिहू?"

दीपानं कागद तिच्या हातातून घेतला. श्वासाच्या रकान्यात तिनं लिहिलं, 'मोजले नाहीत.' खाली वेळ टाकली, सही केली.

मग पदरानं तोंड पुसलं अन् तीन नंबरच्या खाटेजवळ गेली. तापाची पोरगी घाबरून तिच्याकडं बघत होती. दीपा तिच्याजवळ बसली, तिचा हात हातात घेतला, अन् काटा बारावर यायची वाट पाहू लागली.